इंग्रजी शास्त्रीय शब्दांचे मूळ व कूळ

नदीचे मूळ व ऋषीचे कूळ शोधू नये, अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र हा निषेध पाळण्याचे काही कारण नाही. शब्दाचे मूळ शोधले की तो समजावयास सोपा होतो, दीर्घकाळ स्मरणात राहतो आणि पुष्कळदा त्याच्याच कुळातील दहा-पाच इतर शब्दांचीही ओळख पटते. शास्त्रीय परिभाषेविषयी तर ही गोष्ट विशेषच खरी आहे.

माध्यमिक शाळेत पाऊल ठेवताच विद्यार्थ्यापुढे थर्मामीटर, मायक्रोस्कोप, फोटोसिंथेसिस, हायड्रोजन, इंडक्शन असे शब्द एकामागून एक येऊ लागतात. अर्थाचा धागा हाती नसल्यामुळे तो ते मंत्राप्रमाणे पाठ करतो आणि परीक्षा संपताच विसरतो. आपली मातृभाषा इंग्रजी नाही म्हणूनच हे शब्द आपल्याला कठीण जातात, अशी त्याची समजूत असते. ही समजूत खरी नाही. ह्या शब्दांपैकी जवळजवळ एकही शब्द मुळात इंग्रजी नव्हे. लंडनच्या शाळेतील मुलासही ते तितकेच परके वाटतात. ते प्राचीन ग्रीक व लॅटिन ह्या दोन भाषांतील तुकडे जोडून बनविलेले आहेत, आणि संस्कृतची थोडीफार ओळख असलेल्या मराठी विद्यार्थ्यास ते तुकडे इंग्रज मुलापेक्षाही लवकर ओळखता येतात. ते कसे, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

परकी भर इंग्रजीत कशी पडली

इंग्लंडवर इ. स. ४३ पासून सुमारे ४१० पर्यंत रोमन लोकांचे राज्य होते. त्यांची भाषा लॅटिन. परंतु इंग्रजी भाषा ज्या अँग्लो-सॅक्सन टोळ्यांनी त्या बेटावर आणली, त्या टोळ्या रोमन सत्ता ओसरल्यानंतर तेथे स्थायिक झाल्या. म्हणून इंग्रजीचे अगदी घरगुती शब्द, म्हणजे आई, बाप, पाणी, हात, पाय, खाणे, झोपणे ह्यांचे वाचक शब्द, जर्मन भाषेच्या कुळातील आहेत. रोमन सत्तेच्या खुणा मात्र गावांच्या नावांत राहिल्या. मँचेस्टर व लँकेस्टर ह्या नावांच्या अखेरीस जो अंश आहे, तो छावणी ह्या अर्थाच्या 'कास्त्रा' ह्या लॅटिन शब्दाचा अवशेष होय. फरसबंद वाट ह्या अर्थाच्या 'स्त्राता' ह्या शब्दापासून 'स्ट्रीट' हा शब्द आला.

इ. स. ५९७ मध्ये रोमहून आलेल्या धर्मोपदेशकांनी लॅटिन ही विद्येची व उपासनेची भाषा म्हणून इंग्लंडमध्ये रुजविली. पुढे १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि राजदरबारात व न्यायालयात फ्रेंचचा अंमल सुरू झाला. फ्रेंच ही लॅटिनचीच लेक असल्यामुळे तिच्यावाटे हजारो लॅटिन शब्द इंग्रजीत शिरले. त्यानंतरची भर विद्यापुनरुज्जीवनाच्या काळातली. पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपातील पंडितांनी ग्रीक ग्रंथांचे मुळातून अध्ययन सुरू केले आणि नव्या कल्पनांसाठी ते ग्रीक व लॅटिन शब्दांचा मुक्तपणे उपयोग करू लागले.

ह्या काळात विज्ञानाची भाषाही लॅटिनच होती. रक्ताभिसरण सिद्ध करणारा विल्यम हार्वेचा ग्रंथ १६२८ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाला. गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणारा न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा १६८७ चा ग्रंथही लॅटिनच आहे. १७०४ मध्ये आपला प्रकाशविषयक ग्रंथ मात्र न्यूटनने इंग्रजीत लिहिला. लॅटिनची गादी हळूहळू देशी भाषांकडे गेली, परंतु परिभाषेचे भांडार जुनेच राहिले. त्याचा एक मोठा लाभ असा झाला की फ्रेंच, जर्मन, इटालियन व इंग्रज शास्त्रज्ञांना परस्परांचे लेखन वाचताना निदान संज्ञांपुरती तरी अडचण पडेनाशी झाली.

उपसर्ग, धातू व प्रत्यय

संस्कृतात 'हृ' हा एक धातू आहे. त्यामागे निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार व परिहार असे शब्द तयार होतात. लॅटिन व ग्रीक शब्दांची घडण बहुतांशी अशीच आहे. लॅटिनमध्ये 'डुक्' म्हणजे नेणे. त्याला 'सह' ह्या अर्थाचा 'कॉन्' हा उपसर्ग लागून 'कंडक्टर' झाला. विजेला वाहून नेणारी तांब्याची तार आणि उतारूंना घेऊन जाणारा मोटारीवरील माणूस ह्या दोघांनाही एकच नाव का, ह्याचे उत्तर येथे मिळते. 'आत' ह्या अर्थाचा 'इन्' लागला की 'इंडक्शन', 'मागे' ह्या अर्थाचा 'रे' लागला की 'रिडक्शन', 'पुढे' ह्या अर्थाचा 'प्रो' लागला की 'प्रॉडक्ट'. रसायनशास्त्रात धातुपाषाणापासून शुद्ध धातू परत मिळविण्याच्या क्रियेस 'रिडक्शन' म्हणतात. तेथे 'मागे नेणे' हा मूळ अर्थ अगदी उघड दिसतो.

उपसर्गाचे शेवटचे व्यंजन पुढील वर्णाप्रमाणे बदलते, हेही संस्कृत संधी शिकलेल्यास नवे वाटणार नाही. 'कॉन्' हाच उपसर्ग काही ठिकाणी 'कॉम्' होतो, काही ठिकाणी 'कॉल्' होतो. 'सम्' ह्या उपसर्गाची 'संगती', 'सम्मान' व 'सल्लाप' ह्या शब्दांत होणारी रूपे आठवली म्हणजे हा बदल चटकन ध्यानात येतो.

ग्रीक शब्दांची तऱ्हा सामासिक आहे. 'थेर्मॉस' म्हणजे उष्ण आणि 'मेट्रॉन' म्हणजे माप. त्यापासून थर्मामीटर, म्हणजे उष्णतामापक. 'बारॉस' म्हणजे भार, म्हणून बॅरोमीटर हा वायुभारमापक. 'हायग्रॉस' म्हणजे ओला, म्हणून हायग्रोमीटर हा आर्द्रतामापक. 'टेले' म्हणजे दूर, 'मिक्रॉस' म्हणजे लहान आणि 'स्कोप्' म्हणजे पाहणे. ह्यांपासून टेलिस्कोप व मायक्रोस्कोप हे शब्द सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, पहिला १६११ मध्ये व दुसरा १६२५ मध्ये, घडविण्यात आले. आपण टेलिस्कोपला दुर्बीण म्हणतो. तो शब्द फारसीतून आला असून त्याचाही अर्थ 'दूरचे पाहणारी' असाच आहे.

'फोटो' म्हणजे प्रकाशाचे, 'सिन्' म्हणजे एकत्र व 'थेसिस' म्हणजे ठेवणे. फोटोसिंथेसिस ह्या लांबलचक शब्दाचे असे तीन तुकडे केले की 'प्रकाशसंश्लेषण' हा मराठी शब्द त्याचेच प्रतिबिंब आहे हे कळते. भूगोल शिकताना भेटणारा 'जिओ' म्हणजे पृथ्वी. जिओमेट्री म्हणजे भूमीचे मापन. आपला 'भूमिती' हा शब्द त्याच अर्थाचा आहे. 'त्रिकोणमिती' आणि ट्रिगॉनमेट्री ह्या शब्दांत तर तीनही अवयव एकास एक जुळतात.

मोजमापे व महिने

१७९५ मध्ये फ्रान्सने दशमान पद्धती कायद्याने स्वीकारली, तेव्हा नावांसाठी एक सुटसुटीत नियम ठरविण्यात आला. मूळ मापाच्या पटीसाठी ग्रीक शब्द घ्यावयाचे व अंशासाठी लॅटिन. ग्रीकमधील दहा, शंभर व हजार ह्यांवरून 'डेका', 'हेक्टो' व 'किलो' घेतले. लॅटिनमधील त्याच संख्यांवरून 'डेसि', 'सेंटि' व 'मिलि' घेतले. म्हणून किलोमीटर म्हणजे हजार मीटर, तर मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग. मूळ भाषांत दोहोंचा अर्थ हजार असाच होता.

भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चालू झाली आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनेमापे टप्प्याटप्प्याने अंमलात आली. त्यामुळे शेर, मण व तोळा ह्यांच्या जागी हे ग्रीक व लॅटिन शब्द आठवड्याच्या बाजारातही सर्वांच्या तोंडी रुळले. पुढे विज्ञानास फार मोठ्या व फार सूक्ष्म मापांची गरज पडली. १९६० मध्ये मान्य झालेल्या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत 'गिगा' व 'नॅनो' हे उपसर्ग आले. 'गिगा' हा राक्षसवाचक ग्रीक शब्दापासून घेतला आहे आणि 'नॅनो' हा बुटका माणूस ह्या अर्थाच्या शब्दापासून. पहिला अब्ज दर्शवितो, दुसरा अब्जांश.

महिन्यांच्या नावांतही असेच अंक लपलेले आहेत. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर ह्यांत लॅटिनमधील सात, आठ, नऊ व दहा ह्या संख्या आहेत. सप्त, अष्ट, नव व दश ह्या आपल्या शब्दांशी त्यांचे साम्य उघड आहे. मग सप्टेंबर हा नववा महिना कसा? प्राचीन रोमन वर्ष मार्च महिन्यात सुरू होत असे, हे त्याचे कारण. त्या गणनेने सप्टेंबर सातवाच येतो. जुलै व ऑगस्ट ह्यांनाही पूर्वी पाचवा व सहावा अशाच अर्थाची नावे होती. ज्युलियस सीझर व ऑगस्टस ह्यांच्या सन्मानार्थ ती अनुक्रमे ख्रिस्तपूर्व ४४ व ख्रिस्तपूर्व ८ मध्ये बदलण्यात आली.

मूलद्रव्यांची चिन्हे व सजीवांची नावे

लोखंडाला इंग्रजीत आयर्न म्हणतात, मग त्याचे चिन्ह एफ-ई का, हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जातो. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस ह्याने १८१३-१४ च्या सुमारास मूलद्रव्यांना अक्षरचिन्हे द्यावयाचे ठरविले, तेव्हा कोणत्याही एका देशाची भाषा न घेता सर्वांना परिचित अशी लॅटिन नावे घेतली. लोखंड 'फेरम', सोने 'ऑरम', चांदी 'आर्जेंटम', शिसे 'प्लंबम'. शिशाच्या नळांवरून नळकाम करणारा तो प्लंबर झाला. तांब्याचे 'कुप्रम' हे नाव सायप्रस बेटावरून पडले, कारण रोमन लोकांना तांबे तेथून मिळत असे. पाऱ्याचे 'हायड्रार्जिरम' हे नाव ग्रीकमधील पाणी व चांदी ह्या शब्दांपासून झाले. पाण्यासारखी वाहणारी चांदी, असा त्याचा अर्थ. पोटॅशियमचे 'के' हे चिन्ह 'कॅलियम' ह्या नावाचे आद्याक्षर असून त्याचे मूळ लॅटिनही नव्हे, अरबी आहे.

नव्याने सापडलेल्या मूलद्रव्यांची नावे त्यांच्या गुणांवरून पडली. क्लोरीनचे नाव त्याच्या हिरवट पिवळ्या रंगावरून, आयोडीनचे जांभळ्या वाफेवरून, ब्रोमीनचे दुर्गंधीवरून. आर्गॉन वायू कशाशीही संयोग पावत नाही, म्हणून तो 'आळशी'. निऑन म्हणजे 'नवा', क्रिप्टॉन म्हणजे 'लपलेला' आणि झेनॉन म्हणजे 'परका'.

वनस्पती व प्राणी ह्यांची द्विनाम पद्धती लिनीअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने रूढ केली. वनस्पतींसाठी त्याचा १७५३ चा व प्राण्यांसाठी १७५८ चा ग्रंथ आधारभूत मानतात. आंब्याचे शास्त्रीय नाव 'मँगिफेरा इंडिका'. ह्यात 'मँगि' हा अंश दक्षिण भारतीय भाषांतील 'मांगा' ह्या शब्दाचा, 'फेरा' हा लॅटिन व 'इंडिका' म्हणजे भारतातील. नारळाच्या नावात 'न्युसिफेरा' म्हणजे कवचीफळ धारण करणारा. हा 'फेर्' धातू व संस्कृतमधील 'भृ' हा धातू एकाच मूळचे आहेत. चिंचेचे 'टॅमरिंडस' हे नाव अरबी 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, ह्याचे लॅटिन रूप होय. कडुनिंबाच्या 'अझाडिरॅक्टा' ह्या अवघड नावात 'आझाद दरख्त' हे फारसी शब्द दडले आहेत. लॅटिनचा अंगरखा घातलेले हे आपलेच शेजारी आहेत, हे कळले की भीतीचे कारण उरत नाही.

भारताशी असलेले नाते

संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्यातील साम्य योगायोगाचे नाही. हे साम्य ओळखणाऱ्या पहिल्या युरोपीयांत मराठी 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स ह्यांची गणना होते. १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले होते. त्याच सुमारास कोचीन व गोवे येथे राहिलेल्या फिलिप्पो सास्सेत्ती ह्या इटालियन व्यापाऱ्यानेही संस्कृत व इटालियन अंकांचे साम्य टिपले. पुढे सर विल्यम जोन्स ह्यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत केलेल्या व्याख्यानात ह्या भाषा एका समान मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले, आणि तुलनात्मक भाषाशास्त्राच्या अभ्यासास चालना मिळाली.

ह्या नात्याचा उपयोग विद्यार्थ्यास पावलोपावली करता येतो. ग्रीक 'पोद्' व लॅटिन 'पेद्' म्हणजे पाद. ग्रीक 'ओदोंत' व लॅटिन 'देंत' म्हणजे दंत, आणि म्हणून दातांचा वैद्य तो डेंटिस्ट. लॅटिन 'नोमेन' म्हणजे नाम. ग्रीक 'नेओस' व लॅटिन 'नोवुस' म्हणजे नव. पंखवाचक ग्रीक 'प्टेरॉन' हा शब्द संस्कृत 'पत्र' ह्याचा भाऊ आहे. माशा व डास ह्यांच्या वर्गाचे नाव 'डिप्टेरा', म्हणजे द्विपंखी.

काही शब्दांनी तर प्रत्यक्ष प्रवास केला आहे. ग्रीकमध्ये 'केंट्रॉन' म्हणजे टोकदार वस्तू. वर्तुळ काढताना कंपासचे जे टोक रुतवून ठेवावयाचे त्या बिंदूस हे नाव मिळाले. लॅटिनवाटे तो शब्द इंग्रजीत 'सेंटर' झाला, आणि ज्योतिषशास्त्राबरोबर भारतात येऊन 'केंद्र' झाला. कालवाचक 'होरा' ह्या ग्रीक शब्दाचीही तीच कथा. तिकडे त्याचा 'अवर' झाला, इकडे वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ग्रंथांत तो 'होरा' म्हणूनच राहिला.

उलट दिशेचा प्रवासही घडला. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने आपल्या ग्रंथात ज्यांच्या अर्धांचे कोष्टक दिले. धनुष्याची दोरी ह्या अर्थाच्या 'ज्या' ह्या शब्दाला 'जीवा' असाही पर्याय आहे. अरबांनी तो 'जीबा' असा उतरून घेतला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नसल्याने पुढे तो 'जैब' असा वाचला गेला. 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी. हिंदीतील 'जेब', म्हणजे खिसा, हा त्याचाच अवतार. बाराव्या शतकात अरबी ग्रंथांचे लॅटिन भाषांतर करणाऱ्यांनी त्या अर्थाचा 'सायनस' हा शब्द योजला आणि त्यापासून त्रिकोणमितीतील 'साइन' निघाला. एका वाचनभेदामुळे धनुष्याच्या दोरीची वस्त्राची घडी झाली, परंतु गणित मात्र सुरक्षित राहिले.

फसवी मुळे

मुळांचा अभ्यास उपयुक्त असला तरी तो सावधपणे करावा लागतो. 'हायपर' व 'हायपो' हे ग्रीक उपसर्ग कानाला जवळजवळ सारखे लागतात, पण अर्थाने परस्परविरुद्ध आहेत. 'हायपर' म्हणजे वर, अधिक. 'हायपो' म्हणजे खाली, कमी. रक्तातील साखर वाढणे हा हायपरग्लायसीमिया व ती घटणे हा हायपोग्लायसीमिया. दुसऱ्या अवस्थेत रोग्यास तत्काळ साखर द्यावी लागते, तर पहिल्या अवस्थेत तीच साखर अपायकारक ठरते. एका अक्षराची चूक येथे जिवावर बेतू शकते. हा भेद ध्यानात ठेवण्यास संस्कृतचे चांगले साहाय्य होते. 'हायपर' हा 'उपरि' ह्याचा व 'हायपो' हा 'उप' ह्याचा सगोत्र आहे. उपरि म्हणजे वर. 'उप' चा एक अर्थ 'कनिष्ठ, गौण' असा असून तो उपग्रह, उपनदी ह्या शब्दांत दिसतो.

'इन्' हा लॅटिन उपसर्ग तर दोन रूपांनी वावरतो. एक नकारवाचक व दुसरा 'आत' ह्या अर्थाचा. पेट्रोलच्या टाकीवर इंग्रजीत 'इनफ्लेमेबल' असे लिहिलेले असते. येथील 'इन्' नकारवाचक समजल्यास 'न पेटणारे' असा नेमका उलटा अर्थ होईल. वस्तुतः तो शब्द 'पेटविणे' ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून झाला असून त्याचा अर्थ ज्वालाग्राही असा आहे. हा धोका ओळखून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्यांनी उपसर्गाविना 'फ्लेमेबल' हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला.

कधी कधी दोन भाषांतील भिन्न शब्द सारखे दिसतात. ग्रीक 'होमो' म्हणजे समान, लॅटिन 'होमो' म्हणजे मानव. होमोजीनियस ह्या शब्दात पहिला आहे व 'होमो सेपियन्स', म्हणजे शहाणा मानव, ह्या नावात दुसरा. पादचाऱ्यास पेडेस्ट्रियन म्हणतात, त्यात लॅटिन पाय आहे. बालरोगतज्ज्ञास पीडियाट्रिशियन म्हणतात, त्यात ग्रीक मूल आहे. शब्द कोठे तोडावा ह्याचाही विवेक हवा. हेलिकॉप्टर हा शब्द 'हेलि' व 'कॉप्टर' असा तुटत नाही. 'हेलिको' म्हणजे मळसूत्राप्रमाणे फिरणारा आणि 'प्टेर' म्हणजे पंख, असे त्याचे अवयव आहेत.

नाव जुने, ज्ञान नवे

मुळांच्या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा धडा पुढेच आहे. शब्दाचे मूळ हे नाव ठेवणाऱ्याने काय मानले होते ते सांगते. वस्तू खरोखर कशी आहे, ते सांगतेच असे नाही.

लाव्हॉझिये ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७७ मध्ये ऑक्सिजनला नाव दिले, तेव्हा सर्व आम्लांमध्ये हा वायू असतो व त्याच्यामुळेच आम्लता उत्पन्न होते, असे त्याचे मत होते. म्हणून आंबट ह्या अर्थाच्या ग्रीक 'ऑक्सिस' ह्या शब्दाला 'उत्पन्न करणारा' ह्या अर्थाचा अंश जोडून त्याने 'आम्लजनक' असे नाव योजले. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखविले. तेव्हा क्लोरीन व हायड्रोजन ह्यांपासून होणाऱ्या तीव्र आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही हे सिद्ध झाले. सिद्धान्त गेला, नाव उरले. इतकेच नव्हे, तर ज्या भाषांनी नावाचे शब्दशः भाषांतर केले त्यांच्यात ती चूकही उतरली. जर्मनमधील 'झाउअरश्टॉफ' व बंगालीतील 'अम्लजान' ही त्याची उदाहरणे होत. मराठीतील 'प्राणवायू' हा शब्द श्वसनातील कार्यावरून घेतलेला असल्यामुळे ह्या दोषातून सुटला.

हेलियमची कथाही अशीच उद्बोधक आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण करण्यासाठी जान्सेन हा फ्रेंच ज्योतिर्विद आंध्रातील गुंटूर येथे आला होता. त्याच वर्षी सूर्याच्या प्रकाशपटात आढळलेली एक पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. इंग्लंडच्या लॉकियरने ती नव्या मूलद्रव्याची मानली, आणि 'हेलिऑस', म्हणजे सूर्य, ह्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. नावाच्या अखेरीचा 'इयम' हा प्रत्यय सोडियम, कॅल्शियम ह्यांसारख्या धातूंचा होय. १८९५ मध्ये रॅम्झीने पृथ्वीवर हेलियम मिळविले, तेव्हा तो एक निष्क्रिय वायू आहे हे निश्चित झाले. प्रत्यय मात्र धातूचाच राहिला.

मलेरिया म्हणजे इटालियन भाषेत 'दूषित हवा'. दलदलीच्या हवेने हा ताप येतो, अशी शतकानुशतके समजूत होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस ह्यांना डासाच्या जठरात मलेरियाचे परोपजीवी जंतू दिसले आणि दोष हवेचा नसून डासाचा आहे, हे ठरण्याचा मार्ग मोकळा झाला. नावावर विसंबून राहिले असते तर लोक खिडक्या बंद करीत बसले असते आणि डास मारण्याचे कोणास सुचले नसते.

ॲटम म्हणजे 'न कापता येणारा'. परंतु १८९७ मध्ये जे. जे. टॉमसन ह्यांनी त्याहून लहान असा इलेक्ट्रॉन शोधला आणि १९३८ मध्ये हान व श्ट्रासमान ह्यांच्या प्रयोगांतून युरेनियमच्या अणुगर्भाचे भंजनही दिसून आले. इलेक्ट्रॉन ह्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ तृणमणी. तो घासला असता हलक्या काड्या ओढून घेतो, ह्या निरीक्षणावरून १६०० मध्ये गिल्बर्टने विद्युत्‌वाचक विशेषण बनविले. तृण ओढणारा मणी तो तृणमणी, ह्या आपल्या नावातही तेच निरीक्षण साठविलेले आहे.

व्हॅक्सीन हा शब्द गायवाचक लॅटिन 'वाक्का' पासून निघाला, कारण १७९६ मध्ये जेन्नरने गाईच्या देवीची लस टोचली होती. पुढे पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ सर्वच लसींना ते नाव दिले. आजच्या बहुतेक लसींचा गाईशी काहीही संबंध नाही. शब्दाचा अर्थ असा वाढत जातो आणि मूळ केवळ स्मारकाप्रमाणे मागे उभे राहते.

परिभाषा व वाचक

भारतीय भाषांत विज्ञान शिकवावयाचे तर परकी संज्ञा तशाच ठेवाव्या की त्यांची भाषांतरे करावी, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. १९६१ मध्ये भारत सरकारने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन केला. मूलद्रव्यांची नावे, मापांची एकके, व्यक्तींच्या नावांवरून पडलेल्या संज्ञा व द्विनाम पद्धतीची नावे आंतरराष्ट्रीय स्वरूपातच ठेवावी आणि कल्पनावाचक शब्दांचे भाषांतर करावे, असे त्याचे सर्वसाधारण धोरण आहे. ह्या धोरणानुसार ऑक्सिजन व किलोमीटर हे शब्द राहतात आणि त्यांच्या शेजारी संश्लेषण, वहन, घनता हे शब्दही नांदतात. दोन्ही प्रकारांचे शब्द अर्थ जाणून वापरले जावेत, एवढीच अपेक्षा आहे. न समजलेला संस्कृत शब्द हा न समजलेल्या ग्रीक शब्दाइतकाच परका असतो.

ह्यासाठी मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाही. शाळेतील विद्यार्थ्याने एक लहानशी वही करावी. नवा शब्द आला की त्याचे उपसर्ग, मूळ व प्रत्यय असे तुकडे कोशाच्या साहाय्याने लिहावेत. तेच मूळ असलेले आणखी दोन शब्द शेजारी मांडावेत. मराठी वा संस्कृत सगोत्र शब्द आढळल्यास तोही नोंदवावा. शेवटी, ह्या नावात सांगितलेली गोष्ट आजच्या ज्ञानाप्रमाणे खरी आहे काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा. ग्रंथालयातील कोणताही चांगला व्युत्पत्तिकोश ह्या कामी पुरेसा आहे. साठ-सत्तर मुळे परिचित झाली म्हणजे शेकडो संज्ञा आपोआप उलगडू लागतात. त्याहून मोठा लाभ असा की शब्द पाठ करण्यात जाणारा वेळ वाचून तो वस्तू पाहण्यात व प्रयोग करण्यात घालविता येतो, आणि विज्ञानाचे खरे शिक्षण तेथेच सुरू होते.